यूट्यूब-डीएल प्रकरण: परवाना कोडला वाचवतो, कामाच्या जागेला नाही

२३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, सॉफ्टवेअरचा कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटहबला एक नोटीस पाठवली. संकेतस्थळांवरचे व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या यूट्यूब-डीएल या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची मुख्य रेपॉझिटरी (कोडचा साठा) आणि तिचे फोर्क (इतरांनी काढलेल्या तिच्या प्रती) मिळून १८ पत्ते तिच्यात दिले होते आणि ते सगळे बंद करा अशी मागणी होती. गिटहबने ते बंद केले. त्या पानांवर कोडऐवजी तक्रारीची सूचना दिसू लागली.

मुक्त सॉफ्टवेअरवरची चर्चा बहुतेक वेळा परवान्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. इथे परवान्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. यूट्यूब-डीएल ‘अनलायसन्स’खाली प्रसिद्ध होत असे, म्हणजे लेखकांनी आपले सगळे हक्क सोडून तो सार्वजनिक मालकीत दिला होता. याहून मोकळे सॉफ्टवेअर असू शकत नाही. तरीही एका पत्राने त्याचे काम थांबले, कारण ते काम ज्या नेटवर्क सेवेवर चालत होते ती एका कंपनीच्या ताब्यात होती. कायदा जगभर पसरलेल्या प्रतींच्या मागे धावत नाही, तो सेवेला गाठतो. इंटरनेटचे धोरण ठरवणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे, या दोघांनीही हे प्रकरण नीट वाचायला हवे असे मला मनापासून वाटते.

साधन कोणते आणि कुणाचे

यूट्यूब-डीएल हा २००६ मध्ये सुरू झालेला, पायथनमध्ये लिहिलेला कमांड लाइनवरचा प्रोग्राम आहे. व्हिडिओच्या पानाचा पत्ता दिला की तो मूळ फाइल कुठे आहे ते शोधून ती उतरवून घेतो. नावात यूट्यूब असले तरी २०२० पर्यंत तो हजाराहून अधिक संकेतस्थळांवर चालत होता. एमपीव्हीसारखे मुक्त प्लेअर त्याचा आधार घेऊन थेट पत्त्यावरून व्हिडिओ चालवत असत.

त्याचा वापर गाणी उतरवण्यासाठी होत नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. होत होता. पण तेवढ्यासाठीच होत नव्हता, आणि या प्रकरणाचा सगळा भार या फरकावर आहे. पत्रकार एखाद्या घटनेचा व्हिडिओ गायब होण्याआधी त्याची प्रत जपून ठेवतात, चित्रीकरण खरे की बनावट हे तपासण्यासाठी ते फ्रेमगणिक पाहतात. फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशनने त्या काळात जाहीरपणे सांगितले की वार्तांकनाच्या कामात हे साधन नेहमी वापरले जाते. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांची गरज तर आणखी तीव्र आहे. २०१७ मध्ये यूट्यूबने आक्षेपार्ह मजकूर ओळखण्यासाठी स्वयंचलित यंत्रणा लावली, तेव्हा सीरियातल्या युद्धाचे पुरावे असलेले व्हिडिओ मोठ्या संख्येने काढले गेले. ज्यांनी आपल्या प्रती आधीच उतरवून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडेच ते पुरावे उरले.

शिवाय यूट्यूबवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली व्हिडिओ टाकता येतात. निर्मात्याने स्वतःच ‘घ्या, बदला, पुन्हा वाटा’ असे म्हटलेले असते, पण ते घेण्याची सोय यूट्यूब पाहणाऱ्याला देत नाही. परवाना असून हक्क बजावता येत नाही, अशा ठिकाणी यूट्यूब-डीएलसारखे साधन लागते.

तक्रार नक्की कशाची होती

बातम्यांमध्ये याला सरसकट ‘डीएमसीए नोटीस’ म्हटले गेले. त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली. १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याची दोन वेगवेगळी अंगे आहेत, आणि गिटहबकडे आलेले पत्र ज्या अंगाचे होते ते नेहमीचे नव्हते.

नेहमीचे अंग म्हणजे कलम ५१२. कुणी तरी दुसऱ्याचे गाणे, चित्रपट किंवा कोड एखाद्या सेवेवर चढवतो. हक्कदार नोटीस देतो. सेवेने मजकूर तत्परतेने काढला तर तिच्यावर नुकसानभरपाईचा बोजा येत नाही. मजकूर चढवणाऱ्याला प्रतिनोटीस देता येते, आणि हक्कदाराने दावा दाखल केला नाही तर कामाच्या १० ते १४ दिवसांत मजकूर परत लावला जातो. या व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत, पण दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे.

यूट्यूब-डीएलच्या कोडवर आरआयएएचा कसलाही कॉपीराइट नव्हता, आणि तसा दावाही नव्हता. दावा कलम १२०१ खाली होता. हे कलम कॉपीराइट असलेल्या कृतीभोवती लावलेले तांत्रिक कुलूप मोडण्यास मनाई करते. त्याहून पुढे जाऊन, असे कुलूप मोडण्यासाठीच मुख्यतः बनवलेली साधने बनवणे आणि वाटणे यालाही मनाई करते. १९९६ च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कॉपीराइट करारातून ही कल्पना आली आणि अमेरिकेने ती कडक रूपात कायद्यात उतरवली. दर तीन वर्षांनी काँग्रेसच्या ग्रंथालयाचे प्रमुख काही कामांना सूट देतात, पण ती सूट कुलूप उघडण्याच्या कृतीला असते, साधन वाटण्याला नसते. म्हणजे एखाद्या संशोधकाला कुलूप उघडण्याची परवानगी मिळाली तरी त्यासाठी लागणारे साधन त्याला कुणी द्यायचे नाही. ही तरतूद मला पहिल्यापासून न पटणारी आहे.

या प्रकरणात त्याहून मोठी अडचण अशी की कलम १२०१ मध्ये नोटीस आणि प्रतिनोटीस यांची व्यवस्थाच नाही. मजकूर लगेच काढल्याबद्दल सेवेला संरक्षण नाही आणि परत लावून घेण्यासाठी लेखकाला ठरलेला मार्ग नाही. तरीही नोटिशीचा साचा, भाषा आणि पाठवण्याची जागा कलम ५१२ च्या नोटिशीसारखीच होती, आणि गिटहबनेही सुरुवातीला तिला तशीच वागणूक दिली. कायद्यात नसलेली काढून टाकण्याची पद्धत अशी व्यवहारात तयार झाली. इंटरनेटचे धोरण संसदेत जितके घडते तितकेच ते तक्रारींच्या खिडकीवर बसलेल्या माणसाच्या सवयीतून घडते, हे इथे स्पष्ट दिसते.

नोटिशीत पुरावा म्हणून कोडमधल्याच काही ओळी दाखवल्या होत्या. यूट्यूबसाठीच्या भागातल्या चाचण्यांमध्ये जस्टिन टिंबरलेक, टेलर स्विफ्ट आणि आयकोना पॉप यांच्या व्हिडिओंचे पत्ते होते. आरआयएएचे म्हणणे असे की यावरून हेतू उघड होतो. या चाचण्या त्या व्हिडिओंचा अगदी छोटा तुकडा घेऊन प्रोग्राम चालतो की नाही एवढेच पाहत असत. पण कोर्टाच्या भाषेत हेतू कसा वाचला जाईल याचा विचार चाचण्या लिहिताना सहसा कुणी करत नाही. व्यावसायिक गाण्यांचे पत्ते तिथे नसते तर नोटिशीचा एक आधार कमी झाला असता.

‘कुलूप’ खरेच होते का

वादाचा गाभा तांत्रिक आहे. यूट्यूबच्या काही व्हिडिओंच्या बाबतीत फाइलच्या पत्त्याबरोबर एक सही, म्हणजे अक्षरांची एक माळ, लागते. पानाबरोबर ती अक्षरे उलटसुलट करून येते, आणि ती पुन्हा योग्य क्रमात लावणारे जावास्क्रिप्टचे (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतले) छोटे फंक्शन त्याच पानाबरोबर येणाऱ्या प्लेअरच्या फाइलमध्ये असते. हे फंक्शन अधूनमधून बदलते. आरआयएएने याला ‘रोलिंग सायफर’ म्हटले आणि हॅम्बुर्गच्या न्यायालयाच्या आधीच्या एका निर्णयाचा दाखला देऊन, हे संरक्षक तंत्र आहे असे मांडले.

यूट्यूब-डीएल काय करत होता? तो पान मागवायचा, प्लेअरची फाइल मागवायचा, तिच्यातले ते फंक्शन वाचायचा आणि आपल्यातल्या लहानशा जावास्क्रिप्ट इंटरप्रिटरने ते चालवायचा. फायरफॉक्स किंवा क्रोम हेच करतात. चोरलेली किल्ली कुठेच नाही, कारण गुप्त किल्लीच नाही. जे फंक्शन लागते ते यूट्यूब मागेल त्या प्रत्येकाला पासवर्डशिवाय देते. ज्या चित्रपटांवर खरे डीआरएम आहे, म्हणजे वाइडवाइनसारखे एन्क्रिप्शन आहे, ते यूट्यूब-डीएल उघडत नव्हता.

डीव्हीडीचे एन्क्रिप्शन उघडणाऱ्या डीसीएसएस या १९९९ च्या प्रोग्रामच्या प्रकरणाशी तुलना केली तर फरक लख्ख होतो. डीव्हीडीवर खरोखरच एन्क्रिप्शन होते आणि परवाना घेतलेल्या प्लेअरलाच किल्ल्या मिळत. लिनक्सवर स्वतःची डीव्हीडी पाहता यावी या निकडीशी तो प्रोग्राम जोडलेला होता, तरी २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो प्रसिद्ध करण्यास, आणि त्याचे दुवे देण्यासही, मनाई केली. नॉर्वेत मात्र त्या प्रोग्रामच्या लेखकांपैकी योन लेक योहान्सेन २००३ मध्ये निर्दोष सुटला. डीसीएसएसचा निकाल मला चुकीचा वाटतो, पण तिथे निदान कुलूप होते. यूट्यूबच्या बाबतीत, सगळ्यांना एकत्र वाटल्या जाणाऱ्या कोडला कुलूप म्हणायचे का, हाच प्रश्न आहे.

यूट्यूबच्या वापराच्या अटी व्हिडिओ उतरवायला मनाई करतात हे खरे. अट मोडणे हा दोन पक्षांमधल्या कराराचा भंग आहे. कलम १२०१ चा भंग मात्र, तो जाणूनबुजून आणि नफ्यासाठी केला असेल तर, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरू शकतो. कंपनीची अट आणि फौजदारी कायदा यांच्यातली रेघ पुसली गेली तर प्रत्येक सेवेला आपल्या पानावर चार ओळींचे जावास्क्रिप्ट लावून स्वतःचा कायदा करता येईल.

२४ दिवस

कोड नष्ट झाला नाही, होऊ शकतही नव्हता. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे विकेंद्रित साधन आहे, त्याच्या प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे प्रतीमध्ये, पूर्ण इतिहास असतो. बंदीनंतर काही तासांतच प्रती जागोजाग दिसू लागल्या. एकाने तर गिटहबच्या नोटिसा ठेवण्याच्या रेपॉझिटरीच्याच पत्त्याखाली हा कोड दिसेल अशी व्यवस्था केली. गिटहब फोर्कमधले आणि पुल रिक्वेस्टमधले (इतरांनी सुचवलेल्या बदलांमधले) कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, मूळ रेपॉझिटरीबरोबर एकाच साठ्यात ठेवत असल्यामुळे ते शक्य झाले.

हा निषेध समजण्यासारखा होता, पण त्याने मूळ नुकसान भरून निघाले नाही. गेले होते ते कोडच्या भोवतीचे सगळे. वापरणाऱ्यांनी नोंदवलेले हजारो इश्यू, म्हणजे बिघाड आणि सूचना, त्यांच्यातल्या चर्चा, तपासणीच्या प्रतीक्षेतल्या पुल रिक्वेस्ट, कुणाचा शब्द अंतिम मानायचा याची ओळख, नव्या आवृत्त्या उतरवण्याचा माहितीतला पत्ता. यातले काहीच गिटमध्ये नसते. ते गिटहबच्या डेटाबेसमध्ये असते, आणि गिटहब हे मुक्त सॉफ्टवेअर नाही. यूट्यूब-डीएलसारखा प्रोग्राम तर रोजच्या दुरुस्तीवर जगतो, कारण संकेतस्थळे सतत बदलतात. कुठले संकेतस्थळ बिघडले हे सांगणारी खिडकी बंद झाली की असा प्रकल्प थोड्याच आठवड्यांत निकामी होऊ लागतो. अनोळखी प्रतींमधून कुणी दुष्ट बदल घुसवला तर तो ओळखायचा कसा, ही भीती वेगळीच.

दरम्यान गिटहबचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी नॅट फ्रीडमन प्रकल्पाच्या आयआरसी या गप्पांच्या चॅनेलवर स्वतः आले आणि रेपॉझिटरी परत कशी आणता येईल यावर बोलले. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने, म्हणजे ईएफएफने, प्रकल्पाची बाजू घेतली. प्रकल्पाने चाचण्यांमधले वादग्रस्त व्हिडिओ बदलले. ईएफएफने गिटहबला सविस्तर पत्र दिले. सहीची पद्धत कशी चालते, ब्राउझर तेच कसे करतो आणि हे कुलूप का नाही, हे त्यात सांगितले होते. १६ नोव्हेंबर २०२० रोजी रेपॉझिटरी परत आली.

गिटहबने काय बदलले

परत लावतानाच गिटहबने कलम १२०१ च्या तक्रारींसाठी नवी पद्धत जाहीर केली. अशी प्रत्येक तक्रार तंत्रज्ञ आणि वकील दोघेही तपासतील. संशय असेल तर कौल विकासकाच्या बाजूने जाईल आणि रेपॉझिटरी चालू राहील. काढण्याआधी मालकाशी संपर्क साधून त्याला उत्तर देण्याची किंवा बदल करण्याची संधी दिली जाईल. काढावीच लागली तर इश्यू, पुल रिक्वेस्ट आणि बाकीची निर्दोष माहिती मालकाला बाहेर नेता येईल. शिवाय विकासकांच्या कायदेशीर बचावासाठी १० लाख डॉलरचा निधी ठेवण्यात आला.

या पद्धतीचे मी मनापासून स्वागत करतो. इश्यू बाहेर नेण्याची हमी तर मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण नुकसान नेमके कुठे झाले होते ते तिने ओळखले. पण ती कुणी दिली ते पाहा. २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या कंपनीने, आपल्या मर्जीने, एका गाजलेल्या प्रकल्पाच्या निमित्ताने दिली. कायद्याने ती कुणालाच बंधनकारक नाही. ज्या प्रकल्पाचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही आणि ज्याच्यासाठी ईएफएफ पत्र लिहीत नाही, त्याला दुसऱ्या एखाद्या सेवेवर हीच वागणूक मिळेल याची खात्री कोण देणार?

जे सुटले नाही

गिटहबने रेपॉझिटरी परत लावली म्हणून कायद्याचा प्रश्न सुटला नाही. आरआयएएने गिटहबला कोर्टात नेले नाही, त्यामुळे सहीची ती पद्धत कुलूप आहे की नाही यावर या प्रकरणात निकाल लागलाच नाही. तोच प्रश्न व्हिडिओ उतरवून देणाऱ्या ‘यूट’ नावाच्या सेवेने कनेटिकटमधल्या संघीय न्यायालयात स्वतःहून नेला. २०२२ मध्ये न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी तो दावा फेटाळला. आपण कुलूप मोडत नाही हे यूटला दाव्यात पटण्याजोगे मांडता आले नाही, असे त्यांचे मत पडले. यूटने अपील केले, आणि गिटहबने न्यायालयाचा मित्र म्हणून आपले म्हणणे मांडले. त्याची चिंता उघड होती. असा अर्थ टिकला तर सोयीसाठी एखाद्या पानाचे रूप बदलणारी कितीतरी साधने संशयाखाली येतील.

जर्मनीत गोष्ट आणखी पुढे गेली. यूट्यूब-डीएलचे संकेतस्थळ ‘उबरस्पेस’ या छोट्या होस्टिंग सेवेवर होते. त्यावर प्रकल्पाची माहिती आणि गिटहबकडे जाणारे दुवे होते, प्रोग्राम स्वतः गिटहबवर होता. सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या कंपन्यांनी उबरस्पेसवर दावा लावला. जर्मनीतल्या नागरी हक्कांच्या जीएफएफ या संस्थेने होस्टला साथ दिली, तरी २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि त्यानंतर ते संकेतस्थळ बंद झाले. कोडला हात न लावता, कोडचा पत्ता सांगणाऱ्या पानाला जागा देणारा जबाबदार ठरला. मोठी कंपनी वकील नेमून उभी राहू शकते. लहान होस्टकडे पैसे नसतात, आणि मुक्त इंटरनेट ज्यांच्यामुळे विविध राहते ते हेच लहान होस्ट असतात.

युरोपीय संघाने २०१९ च्या कॉपीराइट निर्देशात मुक्त सॉफ्टवेअर विकसित करण्याच्या आणि वाटण्याच्या सेवांना, नफ्यासाठी नसलेल्या ज्ञानकोशांप्रमाणेच, अपलोड तपासण्याच्या जबाबदारीतून वगळले होते. एफएसएफई आणि ओपनफोरम युरोप या मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मांडणाऱ्या संस्थांनी २०१७ पासून चालवलेल्या मोहिमेचा त्यात मोठा वाटा होता. धोरण ठरवणाऱ्यांना या सेवांचे वेगळेपण समजावता येते, हे त्यातून दिसले. मात्र ती सूट कुलूप मोडण्याच्या साधनांवरच्या बंदीला लागू नाही, आणि हॅम्बुर्गचा खटला नेमका त्या बंदीवर उभा होता. एका दाराशी केलेली व्यवस्था दुसऱ्या दाराने आलेल्याला अडवू शकली नाही.

म्हणून मला धोरणात तीन गोष्टी हव्याशा वाटतात. साधनांवरची बंदी कॉपीराइटच्या प्रत्यक्ष भंगाशी जोडली जावी, नुसत्या ‘मोडता येते’ यावर उभी राहू नये. साधनाविरुद्ध तक्रार आली तर लेखकाला ऐकून घेण्याची सक्ती कायद्यात असावी. आणि प्रकल्प बंद करताना इश्यू, चर्चा आणि तपासणीचा इतिहास मालकाच्या हवाली करणे हे प्रत्येक सेवेवर बंधनकारक असावे. यातली तिसरी सगळ्यांत सोपी आहे, तिला कुठल्याही हक्कदाराने विरोध करण्याचे कारण नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या गोटातूनही याचे उत्तर यायला हवे. २००७ मध्ये आलेला जीएनयू एजीपीएल परवाना नेटवर्कवरून वापरल्या जाणाऱ्या कोडलाही मोकळे ठेवायला सांगतो. २००८ च्या फ्रँकलिन स्ट्रीट निवेदनाने सेवांच्या लेखकांना तो वापरण्याचे, आणि माहिती वापरणाऱ्याच्या हाती राहील अशा सेवा बांधण्याचे, आवाहन केले होते. त्यातला दुसरा भाग मागे पडला. कोड लिहिण्याच्या सेवा निवडताना बहुतेक प्रकल्पांनी सोय पाहिली. यूट्यूब-डीएलचा वारसा आज मुख्यतः वायटी-डीएलपी हा फोर्क चालवतो, आणि त्याचे इश्यू व पुल रिक्वेस्ट गिटहबवरच आहेत. तयार आवृत्त्या मात्र पायथनचे प्रोग्राम वाटणाऱ्या पायपीआय या सेवेवरही मिळतात, म्हणजे वाटपाचा एक मार्ग वेगळ्या हातात आहे. इश्यूंचाही असा नियमित साठा दुसऱ्या सेवेवर ठेवता येतो, गिटहबचे एपीआय (प्रोग्रामला माहिती मागून घेण्याची सोय) त्यासाठी पुरेसे आहे. आवृत्त्यांवर सही करून सार्वजनिक किल्ली आधीच तीन-चार ठिकाणी प्रसिद्ध केली तर मूळ पत्ता गेला तरी खरी प्रत ओळखता येते. ही कामे कंटाळवाणी आहेत, पण त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. नोटीस आल्यावर ती करता येत नाहीत, कारण तोवर इश्यूंचे पान उघडणे बंद झालेले असते.